मूळ कागदाला भोक नको

रत्नागिरीच्या आसपासच्या जुन्या घरांत कागदांची जागा ठरलेली असते. माजघरातलं फडताळ नाहीतर माळ्यावरची पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत फडक्यात बांधलेलं बासन. बासनात खरेदीखतं, वाटणीपत्रं, कुळकायद्याची प्रमाणपत्रं, हातानं लिहिलेले सातबाऱ्याचे उतारे, फेरफारांच्या नकला, धाऱ्याच्या पावत्या. अलीकडे त्यात आंब्याच्या विम्याचे अर्ज, पासबुकं आणि आधारच्या झेरॉक्स यांची भर पडली आहे. कोकणात जमिनीचा तुकडा लहान आणि सातबाऱ्यावरच्या नावांची रांग लांब. हायवेला जागा गेली, कलमांची बाग विकायची झाली, वारसाची नोंद घालायची झाली, की एका कागदावाचून मुंबई-ठाण्यापर्यंतची सगळी बिऱ्हाडं खोळंबतात.

सुट्या पानांचं, खिसे-कप्पे असलेलं बाइंडर हा यावर आज सहज सुचणारा उपाय. पण दुकानात मिळणारं बाइंडर कोरड्या हवेतल्या ऑफिसासाठी केलेलं असतं, आणि इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथल्या घरासाठी ते कसं करावं, यावर दोन बाजू मांडाव्याशा वाटल्या. बोलणारी दोघं मी कल्पिलेली आहेत. मामा रत्नागिरीच्या कोर्टात एका वकिलांकडे कारकून होते, आता निवृत्त. भाची वस्तूंचं डिझाइन शिकून परत आली आणि मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत वह्या-फायली करण्याचं छोटं काम तिनं सुरू केलं. जागा राम आळीतलं मामांचं घर, वेळ दुपारच्या चहाची.

भाची : मामा, हा नमुना बघा. कणा दोन इंच रुंद, आत दोन कड्या. पुढच्या आणि मागच्या पुठ्ठ्याला आतून मोठे खिसे. मध्ये पारदर्शक कप्पे, लागतील तसे वाढवायचे. पासबुकाला वेगळा खिसा, फोटोंना वेगळा, पेनाला पट्टी. तुमचं अख्खं बासन यात मावेल.

मामा : मावेल गं. मावणं हा प्रश्न कधीच नव्हता. मला आधी एक सांग, या कड्यांत कागद अडकवायचा म्हणजे त्याला भोकं पाडायची ना?

भाची : हो. नेहमीच्या पंचनं, दोन. मध्ये ऐंशी मिलिमीटरचं अंतर, कडेपासून बारा मिलिमीटर आत. अमेरिका सोडली तर बहुतेक जगात हेच माप चालतं. १८८६ साली जर्मनीत बॉनला फ्रीडरिश झ्योनेकननं पंच आणि सुट्या पानांची फाइल काढली. पुढे दहा वर्षांनी लुई लाइट्झनं तिला तरफ बसवली, एका हातानं उघडायची. तेव्हापासून मूळ कल्पना बदललेली नाही. इतकी पक्की आहे ती.

मामा : त्यांच्यापुढे व्यापाऱ्याची पत्रं होती. आलं पत्र, पाडलं भोक, लावलं फाइलला. माझ्यापुढे काय आहे ते बघ. हे खरेदीखत. डाव्या समासात दुरुस्त्यांवरच्या सह्या, मागे नोंदणी कचेरीचा शेरा, शिक्के, अंगठे. पंच मारायचा तर तो कुणाच्या अंगठ्यावर मारू? भोक पाडल्यानं दस्त रद्द होत नाही, हे मलाही कळतं. पण कोर्टात समोरचा वकील तेवढ्यावरून दहा प्रश्न विचारतो. इथे काय होतं? हे कधी फाटलं? याला आणखी एखादं पान जोडलेलं होतं का? तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला, तर त्यावरच्या सह्या आणि अक्षर खरं धरायची कोर्टाला मुभा असते. आमच्या घरात हा कागद जसा होता तसाच आहे, एवढंच त्या म्हाताऱ्या कागदाचं बळ. ते मी पंचखाली देणार नाही.

भाची : मग तो खिशात ठेवा. खिसे त्यासाठीच आहेत. खिशातल्या कागदाला भोक लागत नाही.

मामा : खिशावर येतोच मी. त्याआधी सुट्या पानांचं बोलू. बांधलेल्या वहीतलं पान काढलं तर कळतं, शिवणीत चिंधी राहते. कड्या उघडल्या की कुठलंही पान निघतं आणि मागे खूण राहत नाही. कायद्यालाही याची धास्ती आहे. कंपन्यांच्या सभांचं इतिवृत्त सुट्या पानांवर ठेवलं तर ठरावीक मुदतीनं ते बांधून घ्यावं लागतं, प्रत्येक पानाला क्रमांक द्यावा लागतो, आणि वहीत कागद चिकटवून तर चालतच नाही. आमच्या वकिलांच्या कचेरीत प्रत्येक कामाचं रजिस्टर शिवलेलं असायचं ते उगाच नाही.

भाची : पण मामा, घराचे कागद काय एका दिवशी लिहून संपतात? आज वारसाची नोंद झाली, उद्या नवा सातबारा, परवा विम्याची पावती. शिवलेल्या वहीत ते मधे कुठे घालणार? आणि सुट्या पानांचं म्हणाल तर देवघरातली तुमची पोथी सुटीच आहे की. दोन फळ्या, मध्ये मोकळी पानं, वरून फडकं. कुणी शिवली होती ती?

मामा : पोथीचं एकेक पान नीट बघ मग. प्रत्येक पानाच्या मागच्या बाजूला समासात आकडा असतो आणि शेजारी ग्रंथाचं नाव दोन-चार अक्षरांत. वाऱ्यानं पानं उडाली तरी कुठलं पान कुठल्या पोथीचं आणि कितवं, हे पानच सांगतं. तुझ्या बाइंडरमध्ये तशी सोय कुठे आहे?

भाची : नाही. खरंच नाही. मी दुभाजक दिले आहेत, रंगीत. पण दुभाजकावरून विभाग कळतो, पान कळत नाही.

मामा : आणि बासनात हवा खेळते. सुती फडकं ओलावा घेतं आणि सोडतं. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल बांधून ठेवलेले. सुती रुमालांतच ते कागद इतकी वर्षं टिकले.

भाची : टिकले, पण सापडायला किती माणसं लागली? गोविंद सखाराम सरदेसाई, आपल्याच जिल्ह्यातल्या गोविलचे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी त्या दप्तरातून निवडून पंचेचाळीस खंड काढले, ते रुमालांमागून रुमाल सोडून वाचून काढले तेव्हा. सरकार माणसं नेमू शकलं. आपल्या घरी मामींनी एक पावती शोधायला बासन सोडलं की सगळं जमिनीवर पसरतं, आणि परत बांधताना क्रम बदलतो. बासन कागद राखतं, कागद शोधून देत नाही. मला शोधून देणारी वस्तू करायची आहे.

इथवर दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. बहुतेक घरांत हा वाद इथेच थांबतो: म्हातारी माणसं बासन सोडत नाहीत, आणि तरुण माणसं मुंबईहून येताना प्लास्टिकची फाइल घेऊन येतात. मामांनी मात्र पुढे एक गोष्ट दाखवली, आणि त्यापुढे बोलण्याची दिशा बदलली. फडताळातून त्यांनी एक जुनं प्लास्टिकचं फोल्डर काढलं. आत सातबाऱ्याची झेरॉक्स होती. ती ओढून काढताना चर्र आवाज झाला. कागद बाहेर आला तेव्हा त्यावर गट नंबराचे आकडे अर्धेच उरले होते. बाकीचे अर्धे प्लास्टिकच्या आतल्या अंगाला चिकटून राहिले होते, उलट्या अक्षरांत.

मामा : हा तुझा खिसा.

भाची : हा माझा नाही, पण तुम्ही म्हणता ते खरं आहे. हे पीव्हीसी. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घातलेलं असतं. उकाड्यात ते हळूहळू बाहेर येतं आणि झेरॉक्सची शाई धरून बसतं. झेरॉक्सची शाई म्हणजे वितळवून बसवलेली प्लास्टिकची भुकटीच. ती कागद सोडते आणि खिशाला चिकटते. म्हणून मी पॉलिप्रॉपिलीन वापरते. त्यात ते द्रव्य नसतं, अक्षर उचललं जात नाही.

मामा : अक्षर उचललं जाणार नाही. ओलावा?

भाची : ओलावा राहतो. तळ आणि दोन्ही बाजू बंद, वरून तोंड. जूनमध्ये दमट कागद आत सरकवला तर तो दमटच राहतो. पुण्यात हा प्रश्न एवढा येत नाही. इथे श्रावणात येतो.

मामा : मग बुरशी, मग कसर. आणि ही कडी? निकेलचा मुलामा आहे. एक चरा पडला की खाऱ्या हवेत तिथून गंज सुरू. टाचणीचे तपकिरी डाग बघितले आहेस ना जुन्या कागदांवर? टाचणी केव्हाच गेली, तिचं चित्र राहिलं. मी टाचण्या सगळ्या काढल्या आणि सुती लेसचे टॅग लावले ते त्यामुळे.

भाची : कडी स्टेनलेसची करता येईल. महाग पडेल, पण करीन. खिशाचं मात्र तुम्ही अडवलंत.

मामा : एक आणखी अडवतो. हा एफोरचा आहे ना? स्टॅम्पपेपर त्याहून लांब असतो. जुने दस्त सगळे लांबच. तुझ्या खिशात तो दुमडून घालावा लागणार. आणि दुमडलेल्या कागदाचं काय होतं ते हे.

त्यांनी एक वाटणीपत्र उलगडलं. चौघडी केलेलं, कितीतरी वर्षं तसंच ठेवलेलं. उभी आणि आडवी घडी जिथे एकमेकींना छेदतात तिथे वाटाण्याएवढं भोक पडलं होतं. नेमकं त्याच ओळीत दक्षिणेची हद्द लिहिलेली होती. कुणाच्या बागेला लागून, ते नाव त्या भोकात गेलं होतं. घडीवरचा कागद प्रत्येक वेळी उघडताना थोडा तुटतो, आणि चार थरांच्या टोकावर सगळ्यात आधी तुटतो. कोकणातले हद्दीचे किती वाद अशा एका भोकातून निघाले असतील, याचा विचार करून मला खरोखर वाईट वाटतं.

भाची : याला सेलोटेप लावू नका हं.

मामा : मी कशाला लावतोय! तुझ्या मावशीकडच्या कागदाला लावली आहे, ती पिवळी पडून सुटली आणि डिंकाचा डाग कायमचा बसला. आणि एकानं तर लॅमिनेशन केलंय. गरम करून प्लास्टिकमध्ये कोंडलेला कागद पुन्हा सोडवता येत नाही. पाठीमागचा शिक्का उठावाचा असेल तर तोही सपाट होऊन जातो.

भाची : मामा, मग मी असं विचारते. या बासनातले कुठले कागद गेले तर परत मिळतील आणि कुठले मिळणार नाहीत?

मामा : हां, हा प्रश्न बरा काढलास. आजचा सातबारा गेला तर जाऊ दे. डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत ऑनलाइन निघतो. आठ-अ तसाच. विम्याच्या अर्जाची पावती केंद्रावरून पुन्हा निघेल. धाऱ्याची चालू पावतीही मिळेल. खरेदीखत नोंदलेलं असेल तर नोंदणी कचेरीतून नक्कल मिळते, पण ती नक्कल. मूळ ते मूळ. कुळकायद्याचं ३२-म चं प्रमाणपत्र गेलं तर हेलपाटे घालून चपला झिजतील. १ एप्रिल १९५७ ला कुळं मालक झाली असं कायद्यानं म्हटलं, पण ते हातात धरून दाखवायचं म्हणजे हाच कागद. खोती १९४९ च्या कायद्यानं गेली, त्याआधीच्या खोताच्या पावत्या गेल्या तर जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. घरगुती वाटणीपत्र, नोंद न केलेलं, तेही नाही. आजोबांच्या हातच्या हिशेबाच्या वह्या नाहीत.

भाची : मग डिझाइन इथून सुरू करायला हवं होतं. परत मिळणारा कागद कडीत. त्याला भोक पडलं तरी चालेल, वर्षाला बदलला तरी चालेल. परत न मिळणारा कागद खिशात, आणि तो खिसा प्लास्टिकचा नको.

मामा : कशाचा मग?

भाची : तुमच्या बासनाचा. मांजरपाट. आधी भट्टी करून खळ पूर्ण काढलेलं, कारण खळीवर कसर येते. मागच्या पुठ्ठ्याला आतून त्या कापडाचा खिसा शिवायचा. आत हातकागदाचं मोठं पाकीट. पुण्यात हातकागद संस्था १९४० पासून आहे, त्यांचा चिंध्यांच्या लगद्याचा कागद मिळतो. त्यात लाकडाच्या लगद्यातलं आम्ल नाही, म्हणून दस्त पिवळा पडून कडकत नाही. प्रत्येक मूळ दस्ताला एक पाकीट, पाकिटावर पेन्सिलीनं नाव. कापडही श्वास घेतं, पाकीटही घेतं.

मामा : आणि मापाला?

भाची : फुलस्केपच्या वर. पुठ्ठाच लांब करायचा, म्हणजे स्टॅम्पपेपर सरळ राहील, घडी नाही. कडीतले एफोर कागद मग आखूड दिसतील, दिसू देत. एक अडचण मी आत्ताच सांगते, म्हणजे नंतर म्हणू नका. पारदर्शक कप्पा एफोरहून रुंद असतो, त्याची कड बाहेर येते आणि दुभाजकाची जीभ मागे झाकली जाते. दुकानातल्या बाइंडरमध्ये हे सर्रास होतं. दुभाजक आणखी रुंद कापावा लागतो आणि पुठ्ठा त्याहून रुंद. म्हणून चांगलं बाइंडर नेहमी वाटतं त्यापेक्षा मोठं असतं.

मामा : पुठ्ठा कसला? पावसाळ्यात पुठ्ठा वाकतो, दार फुगतं तसा.

भाची : साधा राखाडी पुठ्ठा वाकतोच. दोन्ही बाजूंनी सारखंच कापड लावलं तर कमी वाकतो, कारण ओढ दोन्हीकडून सारखी बसते. एकाच बाजूला लावलं तर हमखास वाकतो.

मामा : आणि खळीत मोरचूद घाल. आमचा वह्या बांधणारा मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा, झुरळ शिवत नसे. पण बाहेरच्या कापडालाच हो, आतल्या खिशाला नको. दस्ताजवळ मोरचूद नको.

भाची : आतल्याला मी खळ लावतच नाही, शिवणार आहे.

आता कड्यांकडे. हा भाग लवकर आटोपतो, कारण इथे वाद नव्हता. गोल कडी कण्याला ठोकलेली असते. बाइंडर मिटलं की पानं तिच्या वळणाबरोबर वाकतात आणि भोकाशी फाटतात. इंग्रजी डी आकाराची कडी मागच्या पुठ्ठ्याला बसते, तिची एक बाजू सरळ असते, पानं एकावर एक सपाट बसतात आणि तेवढ्याच जागेत जास्त मावतात. नेहमीच्या ऐंशी जीएसएम कागदाची शंभर पानं म्हणजे साधारण एक सेंटिमीटर जाडी. पारदर्शक कप्प्याचा पापुद्रा अर्ध्या दशांश मिलिमीटरचा धरला तरी दोन बाजू मिळून एका कागदाएवढी जाडी होते. प्रत्येक पान कप्प्यात घालायचा हट्ट धरला की बाइंडर निम्म्यातच भरतं. भाचीनं कप्पे कमी केले: ज्या पानावर पुन्हापुन्हा बोट फिरतं तेवढ्यालाच, बाकीच्यांना नुसती भोकाभोवतीची चकती. मामांनी मान डोलावली आणि दुसरा चहा मागवला.

मामा : आता तुझे बाकीचे खिसे. पासबुकाचा, फोटोंचा, पेनाचा, आणि पुढच्या पुठ्ठ्याला हा भात्यासारखा फुगणारा. यात काय घालायचं?

भाची : चालू कागद. आज आलेलं पत्र, उद्या द्यायच्या झेरॉक्स. लगेच लावायला वेळ नसतो, म्हणून.

मामा : तिथेच गडबड आहे. माणसाला खिसा दिला की तो लावायचं सोडतो. कोर्टात आमच्याकडे टेबलाचा एक खण होता, "नंतर बघू" वाला. वर्षाअखेर तो उपसला की समन्स सापडायचं, तारीख उलटून गेलेलं. फुगणारा खिसा हा असा खण आहे. तो कधी भरला असं वाटतच नाही.

भाची : पण खिसाच नसेल तर ते पत्र फ्रिजवर राहील.

मामा : फ्रिजवर निदान दिसतं!

भाची : बरं, खिसा ठेवते, भाता काढते. सपाट खिसा, एका बोटाएवढाही फुगणार नाही असा. दहा-बारा कागद झाले की पुठ्ठा नीट मिटणार नाही, मग लावावेच लागतील. वरच्या कडेला अर्धगोल खाच, म्हणजे आत काय आहे ते न काढता दिसेल.

मामा : तोंड कुठल्या बाजूला?

भाची : कण्याच्या बाजूला ठेवलं तर कागद घसरून कड्यांत अडकतात. वर ठेवलं तर उभं ठेवल्यावर पडत नाहीत, पण धूळ बसते. मी वरच ठेवीन आणि झाकण म्हणून कापडाची एक पट्टी. मागच्या मूळ दस्तांच्या खिशाला मात्र पुरतं झाकण आणि बांधायला दोन नाड्या. बटण नाही, गंजेल. वेल्क्रो नाही, कागदाची कड ओरबाडतं. नाडी सोडायला दोन क्षण लागतात, तेवढ्यात माणूस विचार करतो की खरंच मूळ कागद हवा आहे की झेरॉक्सवर भागेल.

मामा : हे आवडलं. आणि पेनाची पट्टी?

भाची : ती काढते. पेन आडवं राहिलं की पुठ्ठा मधून उचलला जातो. शिवाय शाई गळाली तर...

मामा : फोटोंचा?

भाची : तो ठेवते. दरवेळी अर्जाला दोन फोटो लागतात आणि दरवेळी सापडत नाहीत. छोटाच, पुढच्या खिशावर शिवलेला. पासबुकालाही ठेवते, कारण विम्याला, अनुदानाला, हापूसच्या भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीला, सगळीकडे सातबारा, आधार आणि पासबुक हे त्रिकूट मागतात. ते तीन एकत्र हाताला लागले पाहिजेत.

२०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांतल्या बागायतदारांना "हापूस" नावाचा हक्क आला. पण हक्क वापरायचा तर नोंदणी, आणि नोंदणी म्हणजे पुन्हा कागद. बागेत पहाटेपासून राबणाऱ्या माणसाला अर्जाच्या शेवटच्या दिवशी पासबुक शोधत बसावं लागू नये, एवढं काम एका चार इंची खिशानं केलं तरी त्याचं शिवणं सार्थकी लागलं असं मी म्हणेन. भाचीची बाजू मला इथे पूर्ण पटते. खिसे थोडे असावेत हे मामांचं खरं. पण जे असतील ते माणसाकडे काय मागितलं जातं ते बघून काढलेले असावेत, आणि ते तिला दिसलं.

मामा : आता माझी अट. पहिलं पान तू कोरं दिलं आहेस, ते कोरं नको. तिथे यादी छाप. अनुक्रम, कागदाचं नाव, तारीख, कडीत की खिशात, आणि शेवटचा रकाना: कुणी नेला, कधी, परत आला का.

भाची : ग्रंथालयासारखं.

मामा : कोर्टासारखं. रेकॉर्डमधून कागद बाहेर गेला की त्याच्या जागी चिठ्ठी राहते. घरात हे कुणी करत नाही. गणपतीला मुंबईहून पुतण्या येतो, "काका, झेरॉक्स काढून आणतो" म्हणतो, मूळ दस्त त्याच्याबरोबर रेल्वेनं मुंबईला जातो, आणि पुढच्या मे महिन्यात दोघंही म्हणतात, तुझ्याकडेच आहे. कुणी चोर नसतो. चिठ्ठी नसते.

भाची : मग जाड कागदाच्या पाच लांब चिठ्ठ्याच देते बाइंडरबरोबर, वर डोकं बाहेर येईल अशा. कागद काढला की त्या जागी चिठ्ठी. आणि प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पोथीसारखा विभागाचा संकेत आणि आकडा, पेन्सिलीनं. सात-एक, सात-दोन. चालेल?

मामा : झेरॉक्सवर पेनानंही चालेल. मूळ दस्तावर काहीही नाही, पेन्सिलही नाही. त्याचा आकडा पाकिटावर.

भाची : आणि स्कॅन करून ठेवायचे ना सगळे? मोबाइलवर फोटो तरी.

मामा : ठेव की. मी कधी नको म्हटलं? शोधायला फोटो उत्तम. मुंबईच्या पुतण्याला मी मूळ दस्त देणार नाही, फोटो पाठवीन. पण कोर्टानं मूळ मागितलं की फोटो दाखवून उपयोग नाही. आणि चिपळूण विसरू नकोस.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा किती घरांतली, दुकानांतली कागदपत्रं गेली याचा हिशेब कुणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही, आणि बाइंडरच्या गप्पांत हा विषय आला की दोघंही गंभीर होतात. पुरात प्लास्टिकचा कप्पा वैरी ठरतो: पाणी वरून आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. कापडाचा खिसा भिजतो, पण निथळतो. भाचीनं ठरवलं की बाइंडर ठेवायला एक वेगळी जाड, तोंड गुंडाळून बंद होणारी पिशवी द्यायची, जून ते सप्टेंबर वापरायची, आणि सुकी हवा आली की काढून टाकायची. मामांनी त्यात एक जोडलं: बाइंडरला वर धरायची कापडी मूठ असावी, म्हणजे पाणी आलं तर म्हातारं माणूसही ते एका हातानं उचलून माळ्यावर नेईल. कागद भिजलेच तर पानं ओढून सुटी करू नयेत. ती ओली असताना फाटतात. टीपकागद किंवा साधा कोरा वर्तमानपत्री कागद मध्ये घालून, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवावीत. उन्हात वाळवली तर शाई उडते.

एक मुद्दा मात्र मिटला नाही. मामांना वाटतं की दहा वर्षं झालेले कागद कडीतून काढून शिवून घ्यावेत, पानांना आकडे देऊन, म्हणजे त्यात कुणाला हात घालता येणार नाही. भाचीला वाटतं की शिवलं की ते पुन्हा बासनासारखं बंद होतं आणि पुढच्या पिढीला त्यात काही जोडता येत नाही. मला मामांचं पटतं, पण फक्त मिटलेल्या कामांपुरतं: वाटणी पुरी झाली, खटला निकाली निघाला, त्याचा गठ्ठा शिवून टाकावा. चालू जमिनीचे कागद सुटेच राहिले पाहिजेत, कारण जमीन चालू आहे, वारस येत आहेत, नोंदी पडत आहेत.

बाकीच्या सगळ्यावर दोघांचं एकमत झालं, आणि माझंही तेच मत आहे. मूळ दस्ताला भोक नाही, लॅमिनेशन नाही, घडी नाही. तो लांब पुठ्ठ्याच्या मागच्या कापडी खिशात, चिंध्यांच्या कागदाच्या पाकिटात. परत मिळणारं सगळं स्टेनलेसच्या डी कडीत. पुढे एक सपाट खिसा, त्यावर फोटोंचा आणि पासबुकाचा. पहिलं पान यादीचं.

रत्नागिरीत, चिपळुणात, राजापुरात छापखाने आहेत, पुठ्ठ्याचं काम करणारे आहेत, शिलाईयंत्रं चालवणारे बचत गट आहेत. त्यांना माझी विनंती आहे की या मापाचं बाइंडर इथेच करावं. बाहेरून येणारं बाइंडर आपल्या पावसासाठी कधीच केलं जाणार नाही. आणि ज्यांच्या घरी बासन आहे त्यांनी बाइंडर मिळेपर्यंत थांबू नये. पाऊस सरला, नवरात्रात पोथ्या-पुस्तकं बाहेर काढली, की त्याच दिवशी बासन सोडा, टाचण्या काढा, आणि एका कोऱ्या फुलस्केपवर यादी करा. एक प्रत बासनात ठेवा, दुसरी मुंबईच्या भावाला पाठवा.